घरून हिशेबाचं काम : वाचकांचे प्रश्न

बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आल्यापासून सीए फर्मची ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’ करणाऱ्यांची पत्रं वाढली आहेत. या वेळी ती इतकी आली की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. उत्तरं हिशेब आणि करभरणीचं काम रोज करणाऱ्या मंडळींनी लिहिली आहेत. पत्रलेखकांची, फर्मची आणि त्यांच्या क्लायंटची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातल्याच एका फर्मचं काम आठ आठवडे घरून करते आहे. चाकणच्या एका फॅब्रिकेशन युनिटची जुलै महिन्याची खरेदीची बिलं पीडीएफमध्ये आली, ती मी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. आता सीनियर म्हणतात, पुस्तकात इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) ४,१८,२६० रुपये दिसतंय आणि २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवर बनणाऱ्या क्रेडिटच्या पत्रकात) ३,५६,८८०. हा ६१,३८० चा फरक शोध. सगळी बिलं परत तपासली, रकमा बरोबर आहेत. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? सोबत दोन्ही याद्या जोडल्या आहेत.
– विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : याद्या पाठवताना पार्ट्यांची नावं झाकलीत, हे फार चांगलं केलंत.

बिलं दहा वेळा तपासलीत तरी हा फरक सापडणार नाही. एन्ट्री ज्या बिलावरून केली त्याच बिलावरून तपासली, तर ती जुळणारच. २बी तुमच्याकडच्या बिलांवरून बनत नाही. माल देणाऱ्यांनी आपापल्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणात जे भरलं, तेवढंच तिच्यात उतरतं. दरमहा विवरण भरणाऱ्या पार्ट्या जुलैची जीएसटीआर-१ ११ ऑगस्टपर्यंत भरतात, १४ तारखेला २बी तयार होते आणि तुमच्या क्लायंटची ३बी (क्रेडिट वजा करून कर भरायचं विवरण) २० तारखेपर्यंत जायला हवी. मधले दिवस सहा, त्यात १५ ऑगस्ट. सीनियर घाई का करतात ते यावरून कळेल.

टॅलीतून खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये काढा. त्यात जीएसटीआयएन (पार्टीचा जीएसटी नोंदणी क्रमांक), बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम आणि आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीवरचा), सीजीएसटी, एसजीएसटीचे (राज्यातल्या खरेदीवरचे) वेगळे रकाने हवेत. शेजारच्या शीटवर २बी च्या फाइलमधलं ‘बी२बी’ पान घ्या. पोर्टलवरून उतरलेल्या फाइलमध्ये आकडे कधी कधी मजकूर म्हणून आलेले असतात आणि बेरीज शून्य येते, ते आधी आकड्यांत बदला. मग लगेच बिलाला बिल लावत बसू नका. पिव्होट टेबल लावून दोन्हीकडची जीएसटीआयएनवार बेरीज काढा. एक-दोन रुपयांच्या आत जुळणाऱ्या पार्ट्या बाजूला ठेवल्या की खाली मोजक्याच उरतात. बिलवार शोध तेवढ्यांचाच घ्यायचा.

बिलवार शोधात बहुतेक वेळा अडतं ते बिल नंबरावर. पार्टीने पोर्टलवर ‘एसई/२५-२६/०११७’ भरलेलं असतं, आपण टॅलीत नुसतं ‘११७’ मारलेलं असतं. एक्सेलच्या व्हीलुकअप या जुळणीच्या सूत्राला ही दोन वेगळी बिलं वाटतात. आत्तापुरता इलाज असा : जीएसटीआयएन, बिल नंबराचे शेवटचे तीन-चार आकडे आणि पूर्ण रुपयांत करपात्र रक्कम जोडून दोन्ही शीटवर एकच खूण तयार करा आणि त्या खुणेवर जुळवा. पुढच्या महिन्यापासून सप्लायरचा बिल नंबर छापला आहे तस्साच टाका, तिरप्या रेघांसकट.

तुमच्या याद्यांत चार गोष्टी सापडल्या. एक बिल दोनदा पडलं आहे : करपात्र १,२०,००० आणि कर २१,६००. पहिल्यांदा ते व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून पडलं आणि नंतर पीडीएफवरून. बिल नंबर एकदा पूर्ण आणि एकदा अर्धा टाकल्यामुळे टॅलीच्या लक्षात आलं नाही. दुसरी गोष्ट, एका पार्टीची क्रेडिट नोट (परत गेलेल्या मालाची रक्कम कमी केल्याचा विक्रेत्याचा कागद) २बी च्या फाइलमध्ये ‘बी२बी-सीडीएनआर’ या पानावर आहे. ४०,००० चा माल परत गेला होता, कर ७,२००. ती क्रेडिट नोट तुम्हाला कुणी पाठवलीच नाही, त्यामुळे पुस्तकात नाही. या दोन्ही आपल्या बाजूच्या चुका. दुबार एन्ट्री काढायची आणि परतीची आपल्या बाजूची नोंद, म्हणजे डेबिट नोट, टॅलीत ऑल्ट-एफ५ ने टाकायची.

उरलेल्या दोन ठिकाणी पुस्तक बरोबर आहे. ८५,००० च्या बिलाची पार्टी तिमाही विवरण भरणारी आहे. अशा पार्टीला तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत पोर्टलवर टाकायची मुभा असते, पण सक्ती नसते. या पार्टीने टाकली नाहीत, म्हणजे १५,३०० चं क्रेडिट सप्टेंबरच्या २बी मध्ये, १४ ऑक्टोबरला दिसेल. ९६,००० चं बिल ३० जुलैचं आहे, पार्टीने ते जुलैच्या विवरणात घेतलं नाही. त्याचे १७,२८० पुढच्या वेळी यायला हवेत, पण त्यासाठी पार्टीला फोन करायला सीनियरना आजच सांगा.

आता जमवून बघा. ४,१८,२६० मधून २१,६०० आणि ७,२०० वजा केले की पुस्तक ३,८९,४६० वर येतं. २बी शी उरलेला ३२,५८० चा फरक म्हणजे १५,३०० अधिक १७,२८०. या महिन्यात दावा ३,५६,८८० चाच होईल. ३२,५८० ची बिलवार यादी ‘पुढच्या महिन्यात बघायचं’ म्हणून जपून ठेवा. ती यादी हरवली तर क्लायंटचं हक्काचं क्रेडिट विसरलं जातं.

फरक शून्य आला तरी काम संपत नाही. हॉटेलातल्या जेवणाचं बिल २बी मध्ये व्यवस्थित दिसतं, पुस्तकाशी जुळतंही, पण सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली त्याचं क्रेडिट सहसा मिळत नाही. गुजरातमधल्या वापीच्या पार्टीने आयजीएसटी लावलेला असतो आणि आपण सवयीने सीजीएसटी-एसजीएसटी मारतो. एकूण बेरीज जुळते, रकाने चुकतात. म्हणून जुळणी तिन्ही करांची वेगवेगळी करायची. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, त्या महिन्याची बिलं हाताशी आली तर एकाच वस्तूवर आधी २८ आणि नंतर १८ टक्के दिसेल. दोन्ही बरोबर असू शकतात, बिलाची तारीख बघा.

जीएसटीआयएन टाकताना पंधरा अक्षरांची रचना डोळ्यांपुढे असू द्या. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅन, म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौदावं सहसा ‘झेड’. शून्य आणि ‘ओ’ची गल्लत झाली असेल तर या रचनेवरून ती लगेच पकडता येते.

एक सूचना. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आलेल्या इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीममध्ये बिल स्वीकारणं, नाकारणं, प्रलंबित ठेवणं ही बटणं आहेत. ओळखीचं वाटलं नाही म्हणून एखादं बिल नाकारलंत, तर ते क्रेडिट २बी मधून जातं आणि समोरच्या पार्टीशी वाद सुरू होतो. शंका असेल त्या बिलाला हात न लावता सीनियरना सांगा.

प्रश्न : शंका विचारली की सीनियर संध्याकाळपर्यंत ‘सीन’ करून ठेवतात. तोवर काम ठप्प. ऑफिसात असतो तर शेजारच्याला विचारलं असतं.
– विद्यार्थी, धनकवडी

उत्तर : घरून काम करताना सगळ्यात जास्त जाणवते ती हीच अडचण, आणि ती नुसती सीनियरच्या स्वभावाची नाही. ७ तारखेला टीडीएस (पैसे देताना कापलेला प्राप्तिकर) भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. या दिवसांत त्यांच्या फोनवर क्लायंटचीच रांग लागलेली असते. तुमचा प्रश्न त्या रांगेतून वर यायचा तर तो न उलगडता कळला पाहिजे.

‘सर, बॅलन्स जुळत नाही’ हा प्रश्नच नाही. समोरच्याला आधी तुम्हाला चार प्रश्न विचारावे लागतात, म्हणून तो पुढे ढकलला जातो. तोच असा लिहा : ‘क्लायंट ०७, १२ जुलै, बँकेतून २४,५०० गेले, तपशिलात फक्त “एनईएफटी” आणि एका व्यक्तीचं नाव. या नावाचं लेजर (खातं) नाही, बिल नाही. मागच्या वर्षी याच नावाला दोनदा पैसे गेले, तेव्हा “दुरुस्ती खर्च” धरलं होतं. तसंच धरू का? तोवर सस्पेन्समध्ये ठेवलं आहे.’ याला ‘हो’ एवढंच उत्तर पुरतं. मागच्या वर्षी काय केलं होतं ते पाहून ठेवणं हे इंटर्नचं काम आहे. बहुतेक शंकांची उत्तरं तिथेच सापडतात.

सुट्या मेसेजांची माळ लावू नका. गुगल शीट किंवा एक्सेलवर एकच शंकापत्रक ठेवा. त्यात अनुक्रमांक, क्लायंटचा कोड, तारीख, रक्कम, नेमकी शंका, तुमचा अंदाज, सीनियरचं उत्तर आणि मिटल्याची तारीख एवढे रकाने पुरेत. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा ‘७ ते १२ नव्या शंका’ असा एकच मेसेज टाका. अडलेली नोंद सस्पेन्स खात्यात, म्हणजे उलगडा होईपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात टाकून पुढे सरका, म्हणजे काम थांबत नाही. मात्र सस्पेन्समधली प्रत्येक नोंद शंकापत्रकात दिसलीच पाहिजे. पत्रकाविना सस्पेन्स म्हणजे कचरा गालिच्याखाली सारणं. मार्चअखेर तो कुणाला तरी उपसावा लागतो आणि तोवर तुम्ही तिथे नसता.

घरून केलेल्या कामात तुम्ही किती एन्ट्र्या मारल्या हे कुणी लक्षात ठेवत नाही. पाट्या टाकणारे पुष्कळ मिळतात. शंकापत्रक नीट ठेवणारा मात्र सीनियरच्या नेमका लक्षात राहतो.

प्रश्न : तपकीर गल्लीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स दुकानाचं बँक स्टेटमेंट मी टॅलीत टाकलं. शेवटची शिल्लक पैशापर्यंत जुळली. तरी सगळ्या कार्ड मशीनच्या जमा नोंदी चुकीच्या म्हणून परत आल्या. शिल्लक जुळल्यावर चूक कशी?
– विद्यार्थी, वडगाव बुद्रुक

उत्तर : कारण बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री नव्हे. कार्ड मशीनवर दिवसभरात झालेले पैसे बँक कमिशन कापून एकरकमी जमा करते, बहुधा दुसऱ्या दिवशी. समजा सोमवारी ४८,२५० रुपयांची कार्ड विक्री झाली आणि कमिशन १ टक्का आहे. कमिशन ४८२.५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ८६.८५. मंगळवारी खात्यात आले ४७,६८०.६५. तुम्ही हीच रक्कम विक्री म्हणून धरलीत. बँक जुळली, पण विक्री ५६९.३५ ने कमी दिसली आणि तेवढ्याच रकमेचा खर्च गायब झाला. रोज असंच होत राहिलं की पुस्तकातली विक्री आणि जीएसटीआर-१ मधली विक्री यांत वर्षअखेर मोठी दरी पडते.

सोमवारच्या विक्रीची नोंद दुकानाच्या बिलांवरून पूर्ण ४८,२५० ची करा, येणं ‘कार्ड मशीन’ नावाच्या लेजरला टाका. मंगळवारी त्या लेजरला ४८,२५० जमा. नावे (डेबिट) बाजूला बँक ४७,६८०.६५, कमिशन ४८२.५० आणि कर ८६.८५. कराचं क्रेडिट घ्यायला बँकेचं महिन्याचं कर बिल लागतं, ते क्लायंटकडून मागवायला शंकापत्रकात लिहा. महिनाअखेर या लेजरला शेवटच्या एक-दोन दिवसांचीच शिल्लक राहायला हवी. जास्त राहिली, तर मशीनचे पैसे कुठेतरी अडकले आहेत किंवा कुणी एन्ट्री चुकवली आहे.

नव्यांची आणखी एक हमखास चूक : स्टेटमेंटवरची ‘क्रेडिट’ ही बँकेच्या बाजूने असते, आपल्या पुस्तकात ते पैसे बँक खात्याला नावे पडतात. रोकड बँकेत भरली तर ती पावती नव्हे, कॉन्ट्रा (आपल्याच रोकड आणि बँक खात्यांतली नोंद), टॅलीत एफ४.

प्रश्न : सदाशिव पेठेत हॉस्टेलवर राहतो. आय३ चा आठ जीबीचा लॅपटॉप आहे, वायफाय सतत जातं. काम मध्येच तुटलं की काही एन्ट्र्या दुबार पडतात. टॅली स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊ का?
– विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : लॅपटॉप पुरेसा आहे. रिमोट डेस्कटॉपवर सगळं काम फर्मच्या सर्व्हरवर चालतं, तुमच्याकडे फक्त पडदा येतो. त्यामुळे वेगापेक्षा जोडणी न तुटणं महत्त्वाचं. पैसे खर्च करायचेच असतील तर जुना का होईना, एक बाहेरचा मॉनिटर घ्या. एका पडद्यावर बिल आणि दुसऱ्यावर टॅली असली की आकडे उलटसुलट होणं फार कमी होतं.

दुबार नोंदींचं कारण असं. जोडणी तुटली म्हणजे सर्व्हरवरचं सत्र बंद होतंच असं नाही. अर्धवट व्हाउचर (नोंदीचा फॉर्म) तिथे उघडं पडलेलं असतं. तुम्ही परत येऊन ‘गेलं वाटतं’ म्हणून तेच बिल नव्याने टाकता. त्यापेक्षा त्याच युजरने परत शिरा, पडद्यावर काय उघडं आहे ते पहा, मग डे बुकमध्ये (टॅलीतल्या रोजच्या नोंदींच्या यादीत) शेवटची नोंद कोणती पडली ते बघूनच पुढे जा. प्रत्येक व्हाउचर कंट्रोल-ए ने स्वीकारल्यावर बिलाच्या पीडीएफच्या नावात टॅलीचा व्हाउचर नंबर जोडायची सवय लावा. ज्या फाइलला नंबर आहे ती पुन्हा उघडायचीच नाही.

राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघा, बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात. गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज जाते हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या दिवशीचं काम आदल्या रात्री पुढे ओढा.

लॅपटॉपवर टॅलीची एज्युकेशनल आवृत्ती सरावाला ठीक आहे. तिच्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेता येतात, म्हणून क्लायंटचं काम तिच्यावर होत नाही. कुणी फुकटात दिलेलं ‘क्रॅक’ टॅली मात्र घेऊ नका. त्याबरोबर काय आत शिरेल याचा नेम नाही आणि डेटा दुसऱ्याचा आहे.

प्रश्न : मुलगी घरून इंटर्नशिप करते. फर्मने तिला क्लायंटच्या जीएसटी पोर्टलचा पासवर्ड दिला आहे. कधी कधी क्लायंटला फोन करून ओटीपी घ्यायला आणि विवरण भरून टाकायलाही सांगतात. कामगारांची आधार कार्डं व्हॉट्सॲपवर येतात. हे बरोबर आहे का? आई म्हणून काळजी वाटते.
– वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : काळजी रास्त आहे. ओटीपी टाकून विवरण भरणं म्हणजे क्लायंटची सही करणं. ३बी एकदा भरली की ती दुरुस्त करून परत भरता येत नाही, चूक पुढच्या महिन्यांत निस्तरावी लागते. हे काम इंटर्नचं नाही, घरून करणाऱ्याचं तर नाहीच. मुलीने सीनियरला नम्रपणे पण लेखी कळवावं : ‘मी काम तयार करून देते, फाइलिंग आपण करावं.’ चांगली फर्म याला हरकत घेत नाही. घेतली तर त्या फर्मबद्दल तुम्हाला हवं ते कळलं.

पासवर्डचं म्हणाल तर अनेक ऑफिसांत तो असाच हातोहात फिरतो. पण इंटर्नला २बी ची फाइल हवी असते, पोर्टल नाही. ती फाइल सीनियरने उतरवून द्यावी. टॅलीत मात्र मुलीचा स्वतःचा युजर हवा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. कुणी, कधी, कोणती नोंद बदलली ते त्यात राहतं. दुसऱ्याच्या युजरने काम केलं तर उद्या कुणाची चूक कुणाच्या नावावर दिसेल.

क्लायंटची माहिती त्याच्या संमतीविना बाहेर जाणं हे सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या दुसऱ्या परिशिष्टानुसार सीएचं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. मुलगी सीएंच्या संस्थेची सभासद नसली, तरी तिच्या फोनमधून गेलेल्या कागदाचा जाब तिच्या सरांना द्यावा लागेल, हे सरांनाही ठाऊक असतं. आधार कार्डं व्हॉट्सॲपवर न घेता फर्मच्या ड्राइव्हवर घ्यावीत, शक्यतो शेवटचे चारच आकडे दिसणारी. फोनमध्ये आलेली कामानंतर काढून टाकावीत आणि फोटो गॅलरीत आपोआप साठवण्याची सेटिंग बंद करावी. कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टला क्लायंटच्या ताळेबंदाचे स्क्रीनशॉट जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तेही करू नये. नावं आणि आकडे बदलून नमुना तयार करावा.

प्रश्न : ही इंटर्नशिप पुढे आर्टिकलशिपमध्ये (सीए होण्यासाठीच्या उमेदवारीत) धरतात का? आणि कॉलेजच्या क्रेडिटचं (श्रेयांकांचं) काय?
– विद्यार्थी, हडपसर

उत्तर : आर्टिकलशिपमध्ये धरत नाहीत. १ जुलै २०२३ पासूनच्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे. ती सीए इंटरमिजिएट परीक्षेचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर आणि आयसीएआयकडे (सनदी लेखापालांच्या संस्थेकडे) रीतसर नोंदणी झाल्यावरच सुरू होते. आधी केलेली इंटर्नशिप तिच्यातून वजा होत नाही. मात्र आर्टिकलशिपच्या मुलाखतीत ‘२बी ची जुळणी कशी करतोस’ याचं उत्तर ज्याला देता येतं, त्याचं काम सोपं होतं.

कॉलेजसाठी एका क्रेडिटला ३० तास हा सर्वसाधारण हिशेब. चार क्रेडिट असतील तर १२० तास. रोज तीन तास, आठवड्याला सहा दिवस धरले तर सात आठवडे लागतात. घरून केलेलं काम चालेल का, हे सुरू करण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या, सगळी कॉलेजं मान्य करतात असं नाही. कामाची रोजची नोंद ठेवा : तारीख, क्लायंटचा कोड, काय केलं, किती व्हाउचर किंवा कोणता तक्ता तयार झाला, किती वेळ. दर शनिवारी ती सीनियरना मेल करा. शेवटच्या दिवशी एकदम सही मागायला गेलात तर हमखास अडतं. प्रमाणपत्र फर्मच्या लेटरहेडवर हवं. त्यावर फर्मचा नोंदणी क्रमांक, सही करणाऱ्या सीएचा सभासद क्रमांक, तारखा, एकूण तास आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असावं.

फोरेजसारख्या संकेतस्थळांवर मोठ्या फर्मच्या नावाने जी जॉब सिम्युलेशन असतात ती वेगळी गोष्ट. ती फुकट असतात, काही तासांत होतात, सरावाला छान. पण त्या फर्ममध्ये तुम्ही काम केलं असा त्यांचा अर्थ होत नाही. बायोडेटात ती ‘अनुभव’ या मथळ्याखाली टाकू नका.

प्रश्न : ‘४,९९९ भरा, सीए फर्मची व्हर्च्युअल इंटर्नशिप आणि प्रमाणपत्र मिळवा’ असा मेसेज आला आहे. भरू का?
– विद्यार्थिनी, पिंपळे सौदागर

उत्तर : नको. पैसे घेऊन शिकवणं हा क्लास. क्लास म्हणून तो चांगलाही असेल, पण त्याला इंटर्नशिप म्हणू नये. आयसीएआयच्या संकेतस्थळावर सभासद आणि फर्म शोधता येतात. आपल्या पश्चिम विभागातल्या फर्मच्या नोंदणी क्रमांकात ‘डब्ल्यू’ असतो. क्रमांक विचारलात आणि टाळाटाळ झाली, तर विषय तिथेच संपवा.

प्रश्न : खराडीतल्या एका आउटसोर्सिंग कंपनीत इंग्लंडच्या क्लायंटचं काम घरून मिळतंय. टॅली येतं, तेवढं पुरेल?
– विद्यार्थी, चंदननगर

उत्तर : नावे-जमा तेच, बाकी बरंच नवं. तिथे टॅलीऐवजी क्विकबुक्स किंवा झीरो (Xero) हे सॉफ्टवेअर असतं. बँकेच्या नोंदी आपोआप येतात आणि तुमचं काम त्या बिलांशी जुळवून योग्य खात्यात घालण्याचं असतं. व्हॅटचा सर्वसाधारण दर २० टक्के आहे. कंपनीचं हिशेबाचं वर्ष ३१ मार्चलाच संपेल असं नाही, आणि व्यक्तीचं करवर्ष संपतं ५ एप्रिलला. पुढे अमेरिकेचे क्लायंट मिळाले तर तारखांपासून सांभाळा. तिथे महिना आधी लिहितात, ०४/०७ म्हणजे ४ जुलै नव्हे, ७ एप्रिल. एक्सेल ही चूक मुकाट्याने गिळतं. कामाच्या वेळा आणि कॉलेजच्या वेळा जमतात का, ते होकार देण्याआधी बघा.

प्रश्न : एका कन्सल्टंटचं ७०,८०० चं बिल होतं. मी १० टक्के म्हणून ७,०८० टीडीएस कापला, सीनियरने ६,००० केला. का?
– विद्यार्थिनी, बिबवेवाडी

उत्तर : बिल ६०,००० आणि जीएसटी १०,८०० असं वेगळं दाखवलेलं असणार. जीएसटी बिलावर वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवर कापतात. नोंद अशी : व्यावसायिक फी ६०,००० नावे, सीजीएसटी ५,४०० नावे, एसजीएसटी ५,४०० नावे, देय टीडीएस ६,००० जमा, पार्टी ६४,८०० जमा. अशा फीसाठी वर्षाची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० आहे, त्याआधी ३०,००० होती. जुन्या डेटात हे कलम १९४जे म्हणून दिसेल. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू असल्याने पगाराव्यतिरिक्तचा टीडीएस कलम ३९३ मध्ये एकत्र आला आहे. कोणत्या वर्षाची नोंद करताय त्याप्रमाणे लेजर निवडा.

इथे आकड्यापेक्षा जास्त चुकतं ते वेळेत. टीडीएस बिल खात्यात धरताना किंवा पैसे देताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत. २८ जुलैचं बिल तुम्ही त्याच तारखेने, पण २० ऑगस्टला टॅलीत टाकलंत, तर ७ ऑगस्ट कधीच उलटून गेलेली असते. उशिराला महिन्याला दीड टक्का व्याज लागतं आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. ६,००० वर जुलै आणि ऑगस्टचे मिळून १८० रुपये. रक्कम किरकोळ, पण नोटीस क्लायंटच्या नावाने येते. म्हणून बिलांचा गठ्ठा आला की तो तारखेच्या क्रमाने टाकायला घेऊ नका. फी, भाडं, कंत्राटदार आणि कमिशनची बिलं आधी वेगळी काढा आणि ती त्याच दिवशी टाका.